कारखाना आला, पण साचा कोणाचा?

२०२२ च्या सप्टेंबरात वेदांता आणि फॉक्सकॉन यांचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत जाणार असं जाहीर झालं, आणि पुढचे कितीतरी दिवस महाराष्ट्रात दुसरा विषय नव्हता. कोणी पळवला, कोणी जाऊ दिला, आधीच्या सरकारने फाइल अडवली की नव्या सरकारने हातचं घालवलं, यावरून वाहिन्यांवर रोज संध्याकाळी हमरीतुमरी चालली. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने त्या भागीदारीतून अंग काढून घेतलं. जे गेलं म्हणून आपण ऊर बडवला ते तिकडेही उभं राहिलं नाही. गंमत अशी, की २०१५ च्या ऑगस्टमध्ये याच फॉक्सकॉनने महाराष्ट्र सरकारशी ५ अब्ज डॉलरचा सामंजस्य करार केला होता. ५० हजार नोकऱ्यांचा आकडा होता, आणि नाव तेव्हाही तळेगावचंच होतं. तो कारखानाही आला नाही. त्याबद्दल कोणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

या सगळ्या भांडणात मला एक गोष्ट खटकते. भांडण नेहमी पत्त्यावरून होतं. कारखाना कुठल्या राज्यात, कुठल्या तालुक्यात, किती एकरांवर. आतल्या यंत्रांचा मालक कोण, तिथे लागणारा माल कोणाच्या सांगण्यावरून कोणाकडून येणार, पैसे कोण कोणाला किती दिवसांनी देणार, हे कोणी विचारत नाही. पुण्याच्या वाहनउद्योगात परचेस खात्यात उमर गेल्यामुळे मला आधी हेच सुचतं. माझं म्हणणं थोडक्यात असं, की मोबाइल-टीव्हीच्या धंद्यात जुळणीचा, म्हणजे बाहेरून आलेले भाग जोडून वस्तू तयार करणारा, कारखाना हा साखळीतला सगळ्यात दुबळा दुवा आहे, सगळ्यात सहज बदलता येणारा. आणि जमीन, वीज, करमाफी देऊन आपण नेमका तोच दुवा विकत घ्यायला निघतो. (वेदांताचा प्रकल्प चिपचा होता, जुळणीचा नव्हे, हे मान्य. पण दोघा भागीदारांपैकी एकाकडेही चिप बनवण्याचं तंत्र नव्हतं. ते देणारा तिसरा शोधणं चालू होतं. भांडणात हाही मुद्दा फारसा आला नाही.)

फॉक्सकॉन म्हणजे तैवानची होन हाय. टेरी गौ यांनी १९७४ मध्ये टीव्हीचे प्लास्टिकचे नॉब बनवायला काढलेली ही कंपनी आज जगातली सगळ्यात मोठी जुळणीदार आहे. तिचा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून माल आणि बनवण्याचा खर्च वजा जाता उरतं ते, शंभर रुपयांच्या विक्रीमागे ६ रुपयांच्या आसपास. ज्या अ‍ॅपलसाठी ती आयफोन जुळवते त्या कंपनीचा २०२४ च्या आर्थिक वर्षातला ढोबळ नफा ४६ टक्के. गाणी ऐकवणाऱ्या २००५ सालच्या ३० जीबी आयपॉडची कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फोड केली होती. दुकानात २९९ डॉलरला मिळणाऱ्या त्या वस्तूत तोशिबाच्या हार्ड डिस्कचे ७३ डॉलर होते, अ‍ॅपलच्या पदरात ८० च्या आसपास पडत होते, आणि चीनमध्ये होणाऱ्या जुळणी-तपासणीचे मिळून ४ डॉलरही नव्हते. चीनच्या निर्यातीच्या आकड्यात मात्र पूर्ण नगाची कारखान्याबाहेरची किंमत धरली जाई. आपली मोबाइल निर्यात २०२४-२५ मध्ये २ लाख कोटींच्या घरात गेली, हा आकडा वाचताना ते ४ डॉलर आठवावेत.

आता यावर ठरलेलं उत्तर असतं: अहो, डिझाइन अ‍ॅपलचं, नाव अ‍ॅपलचं, नफा तिलाच मिळणार. हे खरं आहे, पण अर्धंच. डिझाइन चांगलं असलेल्या किती कंपन्या या धंद्यात बुडाल्या ते मोजावं. उरलेलं अर्धं परचेस खात्यात घडलं, आणि ते डिझाइनइतकं दिसत नाही म्हणून त्यावर कोणी बोलत नाही.

१९९८ मध्ये, पुढे अ‍ॅपलचे प्रमुख झालेले टिम कुक कॉम्पॅक ही संगणक कंपनी सोडून अ‍ॅपलमध्ये आले तेव्हा कंपनीकडे महिना-दोन महिन्यांचा माल गोदामांत पडून असायचा. संगणकाचा माल म्हणजे भाजी. आज न खपलेली उद्या निम्म्या भावात. कुक यांनी १९ पैकी १० गोदामं बंद केली, प्रमुख पुरवठादार १०० वरून २४ वर आणले, आणि साठा दिवसांवर आणला. स्वतःचे कारखानेही हळूहळू आवरले. इथपर्यंतची गोष्ट व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात सांगितली जाते आणि ऐकणारा समजतो, की हे काटकसरीचं काम. काटकसर तर कॉम्पॅकही करत होती, डेल तर त्यात उस्तादच. अ‍ॅपलने पुढे जे केलं ते काटकसरीच्या बरोबर उलटं होतं.

२००१ च्या सुरुवातीला अ‍ॅपलचे जॉन रुबिनस्टाइन तोशिबाच्या लोकांना भेटायला जपानला गेले होते. तोशिबावाल्यांनी पावणेदोन-दोन इंच रुंदीची, ५ जीबी क्षमतेची एक इवलीशी डिस्क दाखवली. तिचं करायचं काय हे तोशिबालाच नीट उमगलं नव्हतं. रुबिनस्टाइन यांनी स्टीव्ह जॉब्ज यांच्याकडून १ कोटी डॉलर मंजूर करून घेतले आणि ती डिस्क जितकी निघेल तितकी आपल्यासाठी बांधून टाकली. ऑक्टोबरमध्ये आयपॉड आला. खिशात हजार गाणी मावतील असं यंत्र बनवावं ही कल्पना इतरांना सुचली नव्हती असं नाही. क्रिएटिव्ह कंपनीचं जूकबॉक्स वर्षभर आधी बाजारात होतं. त्यात लॅपटॉपची अडीच इंची डिस्क होती आणि ते खिशात मावत नव्हतं.

२००५ मध्ये हीच चाल मोठ्या पटावर खेळली गेली. आयपॉड नॅनोमध्ये डिस्कऐवजी फ्लॅश मेमरी होती. नॅनो येऊन दोन-अडीच महिने होतात तोच, नोव्हेंबरात अ‍ॅपलने हायनिक्स, इंटेल, मायक्रॉन, सॅमसंग आणि तोशिबा या पाच कंपन्यांशी २०१० पर्यंतचे पुरवठा करार जाहीर केले आणि मिळून सव्वा अब्ज डॉलर आगाऊ देऊ केले. परचेसच्या माणसाला हा आकडा वाचून घाम फुटतो. आमच्याकडे अ‍ॅडव्हान्स म्हणजे अपयश. व्हेंडर अ‍ॅडव्हान्स मागतो म्हणजे त्याचं दिवाळं निघत आलंय किंवा तुमची पत गेलीय. इथे श्रीमंत गिऱ्हाइकाने पाच धट्ट्याकट्ट्या पुरवठादारांना आपण होऊन पैसे दिले.

का दिले ते समजून घेण्यासारखं आहे. मेमरीचा एक कारखाना उभारायला अब्जावधी डॉलर आणि दोनेक वर्षं लागतात, आणि तो तयार होईपर्यंत भाव कोसळला तर मालक साफ होतो. म्हणून मेमरीवाले हात आखडून वाढतात आणि दर काही वर्षांनी माल तुटतो. अशा वेळी जो आधी रक्कम टाकून ठेवतो त्याच्यासाठी माल बाजूला काढला जातो. बाकीच्यांनी उरेल ते चालू भावात उचलायचं. प्रतिस्पर्ध्याला अ‍ॅपलइतकी स्वस्त मेमरी मिळाली नाही हे दुय्यम होतं. त्याला हवी तेव्हा, हवी तितकी मिळेल याची खात्रीच उरली नाही, हा खरा मार होता. ज्याला पुढच्या दिवाळीला किती नग बनवता येतील हेच सांगता येत नाही, तो जाहिरात कसली करणार आणि दुकानदाराला शब्द कसला देणार?

आणि हे पैसे कुठून आले? अ‍ॅपल गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घेते आणि बहुतेक पुरवठादारांना नंतर देते. वर्षानुवर्षं तिचं रोखीचं चक्र उणेमध्ये आहे. साध्या भाषेत, धंदा पुरवठादारांच्या उधारीवर फिरतो. ज्याची वस्तू दुर्मीळ त्याला आगाऊ, ज्याची मुबलक त्याला उधारी. जुळणी मुबलक आहे. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नाही जमलं तर चीनच्या झेंग्झूला होते, तिथे गडबड झाली तर व्हिएतनाम आहे.

भोसरीतल्या कुठल्याही प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये जा. इंजेक्शन मशीनच्या मागे रॅकवर साचे लावलेले असतात, ग्रीस फासलेले, काहींवर गंजाची तांबूस साय. एकेक साचा चारशे-पाचशे किलोचा. तो चढवायला-उतरवायला साखळीची चेनपुली लागते. प्रत्येक साच्याच्या अंगावर रिव्हेट मारलेली एक पट्टी असते आणि तिच्यावर कंपनीचं नाव, भाग क्रमांक आणि ‘मालमत्ता अमुक कंपनीची’ असा मजकूर ठोकलेला असतो. शेड त्या माणसाची, मशीन कर्जाची, साचा गिऱ्हाइकाचा. माझ्या ओळखीच्या एका मोल्डरकडून असे साचे एका दुपारी उचलले गेले. चिठ्ठी घेऊन टेम्पो आला, चिठ्ठीवर सही-शिक्का बरोबर होता, चेनपुली त्याचीच वापरली. दर कमी करायला त्याने नकार दिला होता, इतकंच. आदल्या दिवशी दोन पाळ्यांत चालणारी शेड दुसऱ्या दिवशी बंद. त्याचं काही चोरीला गेलं नव्हतं, आणि हातात काही उरलंही नव्हतं.

अ‍ॅपलने हीच पट्टी जगभर मारली आहे. २००८ मध्ये तिने मॅकबुक या आपल्या लॅपटॉपचं अंग अ‍ॅल्युमिनियमच्या एका सलग ठोकळ्यातून कोरून काढायला सुरुवात केली. पत्रा दाबून करण्यापेक्षा हे कितीतरी वेळखाऊ आणि महाग काम, त्याला संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांच्या रांगाच्या रांगा लागतात. अशी यंत्रं, टूलिंग आणि चाचणीची उपकरणं अ‍ॅपल स्वतःच्या पैशाने घेते आणि पुरवठादाराच्या छताखाली बसवते. तिच्या वार्षिक अहवालांत भांडवली खर्चाखाली हे दरवर्षी लिहिलेलं असतं. कारखान्याशिवायची कंपनी असं तिचं वर्णन करतात ते म्हणूनच फसवं आहे. छत, जमीन, पाळ्या, वसतिगृहं आणि माणसांची जबाबदारी दुसऱ्याची. २०१० मध्ये चीनमधल्या शेनझेनला एकापाठोपाठ तरुण कामगारांनी उड्या मारल्या आणि फॉक्सकॉनने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या, तेव्हा ही जबाबदारी नेमकी कोणाची यावर जगभर वाद झाला. यंत्रं कोणाची, यावर वाद नव्हता.

एका गिऱ्हाइकावर विसंबलेल्या पुरवठादाराचं काय होतं याची दोन उदाहरणं सांगतो, दोन्ही मागासलेल्या देशांतली नाहीत. जीटी अ‍ॅडव्हान्स्ड ही अमेरिकी कंपनी कृत्रिम नीलमणी (काचेपेक्षा टणक पारदर्शक स्फटिक) वाढवण्याच्या भट्ट्या बनवायची. २०१३ मध्ये अ‍ॅपलने तिला पडद्यासाठी नीलमणीच बनवायला सांगितलं, ५७ कोटी ८० लाख डॉलरची आगाऊ रक्कम ठरली, अ‍ॅरिझोनातल्या मेसा इथे इमारतही अ‍ॅपलनेच घेऊन भाड्याने दिली. करारात मेख अशी होती, की अ‍ॅपलवर माल घेण्याचं बंधन नाही, पण जीटीने दुसऱ्या फोनवाल्याला विकायचं नाही. माल अपेक्षेइतका चांगला निघेना. आयफोन ६ साध्या काचेचा आला आणि २०१४ च्या ऑक्टोबरात जीटीने दिवाळखोरी जाहीर केली. दुसरी ब्रिटनची इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज. आयफोनमधल्या चित्रप्रक्रियेचं तंत्र तिचं. एप्रिल २०१७ मध्ये तिने सांगितलं, की दीड-दोन वर्षांत अ‍ॅपलला आपली गरज उरणार नाही असं अ‍ॅपलने कळवलंय. एका दिवसात शेअर साठ टक्क्यांहून जास्त पडला आणि वर्षाच्या आत कंपनी विकली गेली. हे ज्यांच्याकडे स्वतःचं तंत्र होतं त्यांचं झालं. नुसते स्क्रू पिळणाऱ्याने काय आशा धरावी!

मग सगळं स्वतःच बनवावं का? सॅमसंग तसं करते. पडदा, मेमरी, चिप घरची, आणि तेच भाग शत्रूलाही विकते. २०११ पासून अ‍ॅपल आणि सॅमसंग कोर्टात एकमेकांच्या उरावर बसले होते आणि त्याच वेळी आयफोनची मुख्य चिप सॅमसंगच्या कारखान्यात तयार होत होती. अ‍ॅपलने ते काम तैवानच्या टीएसएमसीकडे वळवायला २०१४ उजाडलं. पण सगळं घरचं असणं हा मंत्र नव्हे, हे मराठवाड्याला कोणी सांगायला नको.

औरंगाबादहून पैठणला जाताना चितेगावपाशी व्हिडिओकॉनचा कारखाना लागतो. ऐंशीच्या दशकात रंगीत टीव्ही घराघरांत गेला तेव्हा या नावाने महाराष्ट्राच्या त्या कोपऱ्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या नकाशावर आणलं. व्हिडिओकॉनचे मालक धूत यांची दृष्टी तोकडी होती असं मी म्हणणार नाही. टीव्ही जुळवून भागत नाही, आतला महागडा भाग आपल्याकडे हवा, हे त्यांनी भल्याभल्यांच्या आधी ओळखलं होतं. पिक्चर ट्यूबला लागणाऱ्या काचेचा कारखाना भरूचला होता. २००५ मध्ये तर त्यांनी फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा अख्खा धंदाच घेतला: इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांसह. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘मराठवाड्याचा झेंडा युरोपात’ अशा थाटात बातम्या दिल्या असतील तर त्यात नवल नाही. मीही छाती फुगवली होती.

त्याच्या आदल्या वर्षी सोनी आणि सॅमसंग यांनी एकत्र येऊन कोरियात एलसीडी पॅनेलची, म्हणजे टीव्हीच्या सपाट पडद्याची, कंपनी काढली होती. २००८ उजाडेपर्यंत जगात एलसीडी टीव्हीचा खप ट्यूबच्या टीव्हीला मागे टाकू लागला. थॉमसन ते कारखाने विकत होती याचं कारणच ते होतं. युरोपातले कारखाने एकेक करून गेले. पुढे दूरसंचार परवाने, तेल-वायू आणि कर्ज यांची जी गुंतागुंत झाली ती वेगळी कहाणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केलेल्या १२२ परवान्यांत व्हिडिओकॉनचेही होते, हेही विसरून चालणार नाही. सगळं खापर ट्यूबवर फोडणं अन्याय होईल. २०१८ मध्ये दिवाळखोरीचं प्रकरण कंपनी लवादाकडे गेलं. २०२१ मध्ये कंपनी विकत घेण्याची जी बोली मंजूर झाली ती जवळपास ६५ हजार कोटींच्या देण्यांपुढे ३ हजार कोटीही नव्हती, आणि पुढच्या वर्षी अपील लवादाने तीही रद्द केली.

अ‍ॅपल आणि व्हिडिओकॉन या दोघांनीही आतल्या भागावर पैसा लावला. एकाने जो भाग उद्या तुटणार त्याची रांग धरली, दुसऱ्याने जो भाग उद्या कोणाला नको असणार त्याचे कारखाने घेतले. आणि अ‍ॅपलने कारखाना घेतला नव्हता, त्यामुळे डिस्कवरून फ्लॅशवर जाताना तिला तोशिबाच्या कामगारांची देणी भागवावी लागली नाहीत. मालकी कशाची घ्यायची आणि कशाची टाळायची, सारी मेख तिथे आहे. एखादी कंपनी हे चुकली तर बुडते. राज्य चुकलं तर बुडत नाही, फक्त एमआयडीसीत एक मोठी रिकामी शेड आणि आसपासच्या गावांत हप्ते थकलेली माणसं राहतात.

तमिळनाडूने हे भोगलंय. श्रीपेरुंबुदूरला २००६ मध्ये नोकियाचा कारखाना सुरू झाला. हजारो मुली कंपनीच्या बसने कामाला येऊ लागल्या, आवारातच पुरवठादारांची रांग लागली, देशभर त्याचं कौतुक झालं. नोकियाचा फोन बाजारात हरला, त्यात कराचा तंटा आला, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला कारखाना थांबला. पाठोपाठ आवारातल्या पुरवठादारांचीही कामं गेली. कामगारांनी काही चूक केली नव्हती, कारखाना वाईट चालत नव्हता. हेलसिंकीच्या बाजूला कोणीतरी चुकीच्या तंत्रावर अडून बसलं होतं. ती जागा पुढे चार्जर बनवणाऱ्या साल्कॉम्पने घेतली आणि आज त्या पट्ट्यात पुन्हा बसगाड्या भरून जातात, आयफोनसाठी.

इथे माझ्या विरोधात बोलणारा जे म्हणेल ते मी ऐकून घेतो, कारण त्यात दम आहे. जुळणी हलकी असेल, पण सुरुवात सगळ्यांनी तिथूनच केली. शेनझेनने केली. चीनच्या लक्सशेअरच्या अध्यक्ष वांग लाय-चुन या तरुणपणी फॉक्सकॉनमध्ये लाइनवर काम करत होत्या. केबल आणि कनेक्टरपासून सुरू करून त्यांची कंपनी एअरपॉड्सपर्यंत पोचली आणि २०२० मध्ये तिने तैवानच्या विस्ट्रॉनचा चीनच्या कुनशानमधला आयफोनचा कारखाना घेतला. आपल्याकडे टाटांनी २०२३ मध्ये विस्ट्रॉनचा कोलारजवळचा कारखाना घेतला तोही याच वाटेने. शिवाय हाताला काम नसलेल्या बारावी पास मुलीला ढोबळ नफ्याच्या टक्केवारीचं काय कौतुक सांगता? तिला पगार हवा आहे.

पगाराबद्दल दुमत नाही. पण लक्सशेअर वर चढली ती नुसत्या जुळणीमुळे नव्हे. शेनझेन-डोंगग्वानमध्ये साचे करणारे, जिग-फिक्श्चर करणारे, यंत्रं दुरुस्त करणारे हजारो छोटे कारखाने हाताशी होते म्हणून. तिथे जुळणी हा दरवाजा ठरला, कारण आत घर होतं. आपल्याकडे आत काय आहे ते २०२५ च्या जुलैत कळलं. भारतातल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यांतून तीनशेहून अधिक चिनी अभियंते आणि तंत्रज्ञ माघारी बोलावल्याची बातमी आली, आणि चीनकडून यंत्रं व कुशल माणसं बाहेर जाण्यावर अडसर घातला जातोय अशी चर्चा सुरू झाली. जमीन आपली, कामगार आपले, निर्यातीचा आकडा आपला, आणि लाइन उभी करून देणारा माणूस विमानात बसला की मंत्रालयात धावपळ. मे महिन्यात टिम कुक यांनीच सांगितलं होतं, की त्या तिमाहीत अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक आयफोन भारतात बनलेले असतील. म्हणजे हा काही कोपऱ्यातला प्रश्न नव्हता.

केंद्राला हे उमगलेलं दिसतं. २०२० च्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत मोबाइल व काही भागांसाठी जवळपास ४१ हजार कोटी ठेवले होते आणि अनुदान वाढीव विक्रीवर होतं, आतला भाग कुठून आला यावर नव्हे. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची वेगळी योजना मंजूर झाली. पाच वर्षं उशीर झाला, पण दिशा बरी आहे. आता राज्यांची पाळी.

महाराष्ट्राला या बाबतीत रिकाम्या हाताने सुरुवात करायची नाही. वाळूज, भोसरी, चाकण, कोल्हापूर-शिरोली इथे धातू कापणारी, साचे घडवणारी, डाय बसवणारी माणसं दोन-तीन पिढ्यांची आहेत. वाहनांनी ती तयार केली. साचे-अवजारं घडवायला शिकवणाऱ्या औरंगाबादच्या इंडो-जर्मन टूल रूममधून शिकलेला मुलगा देशात कुठेही उपाशी राहत नाही. मोबाइलच्या साच्याला वाहनापेक्षा कितीतरी बारीक माप लागतं हे खरं, मायक्रॉनचा हिशोब असतो, आणि त्यासाठी वेगळी यंत्रं, तापमान राखलेल्या खोल्या, मोजणीची उपकरणं लागतात. एकट्यादुकट्या भोसरीकराला ती परवडत नाहीत. पैसा इथे लागतो. एका मोठ्या जुळणीदाराला दिलेल्या वीजबिल-सवलतीत अशा किती सामायिक टूलरूम उभ्या राहतील याचा हिशोब अर्थखात्याने एकदा मांडावाच. टूलरूमचं उद्घाटन फोटोत भरत नाही, ही अडचण मला समजते.

दुसरी गोष्ट पैशाच्या तारखेची. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत दिलं नाही तर तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाली. हेतू उत्तम. पण अनुभव असा, की काही मोठ्या खरेदीदारांनी लहान व्हेंडरकडूनच काम काढून घेतलं किंवा त्याला लहान उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी सोडायचा ‘सल्ला’ दिला. नव्वद दिवसांच्या उधारीवर जगणारा माणूस नवं यंत्र घेत नाही, नवा माणूस शिकवत नाही, आणि उद्या कोणता भाग तुटेल याचा विचार करायला त्याला उसंत नसते. राज्य सरकार जिथे सवलत देतं तिथे अट घालू शकतं: राज्यातल्या लहान पुरवठादारांची बिलं वेळेवर दिल्याचा हिशोब दाखवा, मग पुढचा हप्ता. यासाठी दिल्लीला विचारावं लागत नाही.

रांगेत मागे उभं राहणं म्हणजे काय ते चाकणने २०२१ मध्ये पाहिलंच आहे. टाळेबंदीत जगभरच्या वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या, मोकळी झालेली क्षमता फोन-लॅपटॉपवाल्यांनी उचलली, आणि वाहनवाले परत आले तेव्हा जागा नव्हती. त्या सप्टेंबरात महिंद्राने उत्पादन २०-२५ टक्क्यांनी घटेल असं जाहीर केलं. कंत्राटी पोरांना घरी बसावं लागलं. किमतीत नगण्य असा तो भाग होता. आता तर फोनवाल्यांवरच तीच पाळी आली आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यावर २०२५ च्या अखेरीस भाव चढले आणि डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल या नावाखाली सामान्य गिऱ्हाइकाला मेमरी विकण्याचा धंदाच बंद करायचं ठरवलं. ज्याने वीस वर्षांपूर्वी अ‍ॅपलकडून आगाऊ रक्कम घेतली होती त्याला आज त्याहून मोठा सावकार भेटलाय.

२०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राने दावोसला १५ लाख कोटींहून जास्त रकमेचे करार केले. दरवर्षी होतात, पुढेही होतील. त्या यादीत रकमेच्या आणि नोकऱ्यांच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने छापावेत अशी माझी मागणी आहे: यंत्रं आणि साचे कोणाच्या मालकीचे असतील, मालाच्या खरेदीतला किती हिस्सा पाच वर्षांनी राज्यातून होईल, आणि लहान पुरवठादाराला पैसे किती दिवसांत मिळतील. ज्या कंपनीला हे तीन रकाने भरायला जड जाईल ती शेजारच्या राज्यात गेली तर जाऊ द्यावी. त्यावर संध्याकाळी वाहिन्यांवर जे काही बोललं जाईल ते सोसायची तयारी मात्र सरकारने आधी करून ठेवावी.